पाडायच्या आधी एकदा सगळे बसा

घर आणि बांधकाम : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात नवीन घराबद्दलची पत्रं कमी आणि जुनं पाडण्याबद्दलची जास्त आलीत, साहजिकच आहे म्हणा, बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात कौलारू घरं उतरवून अपार्टमेंट उठतायत, आणि तिकडे नदीकाठच्या गावांत २०१९ आणि २०२१ च्या पुरात पडलेल्या घरांची दगडमाती कुठेकुठे अजून तशीच आहे. पत्रं थोडी कापून घेतलीत, नावं गाळलीत. तरी कुणी कुणाला ओळखलं तर माझा नाइलाज.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे, वर मंगलोरी कौलं, सागवानी तुळया, चिऱ्याच्या भिंती. आम्ही तिघे भाऊ. बिल्डरशी बोलणं झालंय, त्याला प्लॉट पंधरा दिवसांत मोकळा करून पाहिजे. पाडणारा म्हणतो उक्तं द्या, सगळा माल माझा, वर तुम्हालाच थोडे पैसे देतो. मधल्या भावाचं म्हणणं लाकूड नवीन फ्लॅटमध्ये वापरूया, मोठा म्हणतो कटकट नको. काय करावं?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : तुमच्या पत्रात सगळी माणसं आलीत बघा, भाऊ, बिल्डर, पाडणारा, फक्त ही सगळी एका जागी एका वेळी कधी बसलीच नाहीत, प्रत्येकाचं दुसऱ्याशी फोनवर वेगवेगळं बोलणं झालंय. चांगला माल मातीत जातो तो यामुळेच. लाकूड वाईट निघालं म्हणून जळणात गेलं असं क्वचित होतं, कोण काय उतरवणार आणि ते कुणाचं हे आधी ठरलं नाही म्हणूनच बहुतेक वेळा जातं.

उक्त्या ठेक्याचं गणित समजून घ्या. पाडणाऱ्याला जेसीबी तासाच्या भाड्याने पडतो, पोरांची हजेरी रोजाची, त्यामुळे जितक्या लवकर घर खाली बसेल तितका त्याचा फायदा, आणि एक एक कौल हातानं उतरवून खाली देत बसला तर त्याचं नुकसान. हा त्याचा स्वभाव नव्हे, तुम्ही त्याला दिलेल्या ठेक्याचा स्वभाव आहे. ठेका बदला, माणूस तोच राहू दे. कौलं अखंड उतरली तर शंभरी मोजून दर द्यायचा, फुटलेल्याला काही नाही. लाकूड घनफुटावर. चिरे नगावर. आणि शेवटी राहतो तो पाया आणि राडारोडा, तो हवा तर उक्ता द्या, तिथे जेसीबी चालू दे.

तुमचं घर साधारण बाराशे चौरस फुटाचं धरूया, म्हणजे १११ चौरस मीटर. पाडकामात पक्क्या इमारतीतून चौरस मीटरमागे ५०० किलो आणि अर्धपक्क्या इमारतीतून ३०० किलोच्या आसपास माल निघतो असा आपल्या देशात बऱ्याच वर्षांपासून वापरात असलेला ठोकताळा आहे, त्या हिशेबाने तुमच्याकडे ३३ ते ५५ टन निघेल. राडारोड्याची एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, वजन अंदाजे चार टन धरा, म्हणजे आठ ते चौदा ब्रास. हे सगळं जर एकत्र कालवून टिपरमध्ये गेलं तर त्याचा उपयोग एकच, कुणाचा तरी खड्डा भरणं. हेच घर उलट्या क्रमानं उतरवलं, आधी कौलं, मग रिपा आणि वासे, मग तुळया, मग दारं-खिडक्या चौकटीसकट, मग चिरे, तर शेवटी टाकायला उरतं ते निम्म्याहून कमी, तुमच्या घरात तर नक्कीच, कारण जुन्या घरांत चिरा चुन्यात बसवलेला असतो. चुना हातोडीच्या दोन ठोक्यांत सुटतो. सिमेंटचा मसाला असता तर चिरा आधी फुटला असता आणि मसाला नंतर, म्हणून १९८० नंतरच्या घरांबद्दल मी एवढ्या उत्साहानं बोलत नाही.

आता बैठक. तिघे भाऊ (तिघेही, मोठ्यांना वगळून नको, पुढे तेच विचारतील तुळई कुठे गेली), तुमचा इंजिनिअर, पाडणारा, बिल्डरचा माणूस आणि एक सुतार. सुताराला लोक कधीच बोलावत नाहीत आणि खरं तर त्यालाच सगळ्यात आधी बोलवायला पाहिजे, कारण कुठली तुळई घ्यायची हे तोच सांगेल. भिंतीत गेलेलं टोक बघायचं असतं, वाळवी आणि कूज तिथून लागते, मधला भाग बहुतेक वेळा खणखणीत असतो, मग दोन्हीकडनं फूट-दीड फूट कापून उरलेल्या लांबीत काय बसतं ते बघायचं. फ्लॅटच्या दाराच्या चौकटी आरामात निघतात. पण बिल्डरच्या नकाशात दारांची मापं आधीच ठरलेली असतात, म्हणून बिल्डरचा माणूस तिथेच पाहिजे, तुमची तुळई साडेसहा फूट आणि त्याचं दार सात फूट असं नंतर कळून उपयोग नाही.

आणि पंधरा दिवसांचं काय? वीस-पंचवीस दिवस मागून घ्या. लाकूड ठेवायचं कुठे हेही तिथेच ठरवा, वर्षभर ठेवायला कोरडी जागा पाहिजे, जमिनीपासून वर, ताडपत्रीखाली कोंडून नाही, बाजूनं हवा जाईल असं. ज्याच्याकडे जागा नाही त्याने हक्क सोडावा असं मी तरी म्हणेन, भावाभावात हे जरा कडू वाटेल.

सगळं झालं की एक चिठ्ठी. साधी, वहीच्या पानावर चालेल, किती तुळया, किती दारं, काय कुणाचं, काय दराने, खाली सगळ्यांच्या सह्या, आणि सोबत प्रत्येक खोलीचे फोटो. फोटो पाडण्याच्या आदल्या दिवशी नको, बैठकीच्याच दिवशी काढा, मधल्या दिवसांत पितळी कड्या-कोयंड्यांना पाय फुटतात.

प्रश्न : मी गवंडी आहे. मालक म्हणतात जुन्या विटा वापर, जुने चिरे वापर, पैसे वाचतील. पण विटा साफ करण्यात माझ्या माणसांचा दिवस जातोय आणि रेट नव्या विटांचाच देतात. वर उद्या भिंतीला भेग गेली की नाव माझं. करू का नको? आणि तुकड्यांचं काय करायचं?
— गवंडी, खानापूर तालुका

उत्तर : दादा, करा, पण त्या रेटमध्ये नको. साफसफाईचा दर वेगळा, बांधकामाचा दर वेगळा, दोन्ही एकत्र धरले की तुम्हीच बुडता. साफ केलेल्या विटांची हजारावर मजुरी ठरवा आणि ते काम गवंड्यानं करू नये, बिगारी करेल, तुमचा हात महाग आहे. मालकाला हिशेब सरळ दाखवा, नवी वीट आणून टाकायला एवढे, जुनी साफ करायला एवढे, फरक हा. फरक उरत नसेल तर जुन्या विटेच्या मागे लागण्यात अर्थ नाही, मी स्वतः मालकाला तसं सांगते.

भेगेच्या जबाबदारीचं म्हणाल तर जुनी वीट कुठे घालायची हे इंजिनिअरनं लिहून द्यावं, तुमच्यावर सोडू नये. आरसीसीच्या फ्रेममधल्या आतल्या भिंती, कंपाउंड, पायऱ्या, गोठा, इथे बिनधास्त. ज्या भिंतीवर स्लॅबचं ओझं आहे तिथे तपासल्याशिवाय नाही. तपासणं अवघड नाहीय. वीट कोरडी करून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून परत वजन करा, साध्या विटांसाठी आयएस १०७७ या भारतीय मानकात पाणी शोषण्याची हद्द २० टक्के दिलीय, म्हणजे तीन किलोची वीट भिजून तीन किलो सहाशे ग्रॅमच्या पुढे गेली तर ती बाजूला. दोन विटा एकमेकींवर आपटून आवाज ऐकायचं तुम्हाला मी काय शिकवणार.

एक मात्र पाळा, जुन्या भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांतल्या विटा घेऊ नका. तिथे लोणा (क्षारांचा पांढरा थर) चढलेला असतो, साफ करून नवी भिंत बांधली तरी दुसऱ्या पावसाळ्यात रंग सोलवटतोच आणि मग मालक तुम्हालाच फोन करतो.

तुकड्यांचं पण विचारलं होतंत पत्रात. विटांचे तुकडे गच्चीच्या कोब्याला जातात, ते तुम्ही करतच असाल, मग नव्या विटा फोडून कोबा का करायचा, आपल्याकडे हे सर्रास चालतं आणि मला ते बघवत नाही. कौलांचे तुकडे असतील तर जवळच्या कुंभाराला विचारून बघा, भाजलेल्या मातीची भुकटी कच्च्या मातीत मिसळली की भांडं वाळताना तडकत नाही, आणि खानापुरात तर खादी ग्रामोद्योगाची पॉटरीची संस्थाच आहे, तिथे चौकशीला काय जातंय.

प्रश्न : मॅडम, आमची उद्यमबागमध्ये छोटी फौंड्री (ओतकामाचा कारखाना) आहे. वापरून काळी पडलेली साच्यांची वाळू टिपरनं बाहेर टाकावी लागते, भाडं आम्हीच देतो. एक पेव्हर ब्लॉकवाला म्हणतो फुकट द्या, मी घालतो. पण त्याची गिऱ्हाईकं रिपोर्ट मागतात, तो म्हणतो रिपोर्ट तुम्ही द्या, मी म्हणतो माल तुझा, रिपोर्ट तू काढ. असं सहा महिने चाललंय.
— फौंड्रीमालक, बेळगाव

उत्तर : सहा महिने तुम्ही टिपरचं भाडं भरताय, त्यातल्या एका फेरीच्या पैशात कदाचित पहिली चाचणी झाली असती.

आधी एक विचारते, ही वाळू तुमच्याच साच्यात परत किती वेळा फिरते? वाळू परत वापरण्यालायक करणं हा पहिला रस्ता, पेव्हर ब्लॉक दुसरा. जी खरोखर थकलीय तीच बाहेर काढा.

दुसरं, तुमच्याकडे ग्रीन सॅंड आहे का रेझिनची, का दोन्ही? दोन्ही असेल तर आजपासून ढीग वेगळे. ग्रीन सॅंडमध्ये बेंटोनाइट ही चिकणमाती आणि कोळशाची भुकटी असते, ती काँक्रीटमध्ये पाणी पिते आणि ताकद कमी करते, पण प्रमाण ठरवून घातली तर सांभाळता येते. रेझिनवाल्या वाळूत केमिकल उरलेलं असू शकतं, ते पाण्याबरोबर बाहेर येतंय का याची वेगळी चाचणी लागते, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारल्याशिवाय ती कुणाला देऊ नका, फुकटसुद्धा. दोन्ही एका ढिगात टाकली तर कुठलाच रिपोर्ट कशालाच लागू पडत नाही, कारण आजच्या टिपरमध्ये काय आहे आणि उद्याच्यात काय हे तुम्हालाच माहीत नाही.

रिपोर्ट कुणी काढायचा याचं माझं उत्तर असं : वाळूचा तुम्ही, ब्लॉकचा त्यानं. वाळूचा, म्हणजे चाळणी, मातीचं प्रमाण, जळून जाणारा भाग, पाण्यात काय उतरतं. ब्लॉकचा, म्हणजे आयएस १५६५८ प्रमाणे ताकद आणि पाणी शोषण. फुटपाथला एम ३० हा ताकदीचा ग्रेड चालतो, हलक्या गाड्यांना एम ३५, त्याच्यावर जड गाड्यांसाठी आणखी वरचा ग्रेड. पहिल्यांदा हा माल फुटपाथ आणि बागेच्या वाटांपुरताच ठेवा. आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचं) मुख्यालयच इथे आहे, फायनल इयरच्या पोरांना प्रोजेक्टला विषय मिळत नाही आणि तुम्हाला चाचणी करणारा मिळत नाही, एकदा सिव्हिलच्या विभागप्रमुखांना भेटा की.

इथे एक जवळचं उदाहरण आहे. हिंदाल्कोच्या बेळगावच्या कारखान्यात बॉक्साइटमधून अल्युमिना काढल्यावर जी लाल माती उरते, ती सिमेंट कारखान्यांना जाते. ती का जाते? त्या मातीत लोह आणि अल्युमिना असतं आणि सिमेंटच्या भट्टीला दोन्ही लागतातच, दर टनात काय आहे ते माहीत असतं, आणि घेणाऱ्याची गरज कायमची आहे. तुमच्या वाळूला हे तिन्ही नाहीय, निदान अजून नाही. एकट्या फौंड्रीची वाळू कमी आणि दर आठवड्याला वेगळी, म्हणून घेणारा बिचकतो. चार-पाच फौंड्र्या एकाच प्रकारची वाळू एका जागी देऊ लागल्या तर ब्लॉकवाला तुमच्या दारात येईल, आणि तेव्हा फुकट पण द्यावी लागणार नाही बहुतेक.

प्रश्न : ताई, आमचं गाव कृष्णाकाठचं. २०१९ च्या पुरात लई घरं पडली, सरकारी मदतीतनं नवीन झाली पण जुन्याचा ढिगारा अजून रस्त्याकडंला हाय. काहींनी वढ्यात ढकलला. फंड नाही म्हणत्यात. ट्रॅक्टरवाले म्हणत्यात डिझेल कोण देणार. त्या ढिगाऱ्याचा शेताकडचा रस्ता केला तर चालतंय का?
— ग्रामपंचायत सदस्य, चिकोडी तालुका

उत्तर : चालतंय की. पडलेल्या इमारतींचा माल रस्त्यात कसा वापरायचा यावर इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी १२१ हे मार्गदर्शक २०१७ सालीच आलंय, तालुका पंचायतीच्या इंजिनिअरला त्याचं नाव सांगा. पण आधी ढीग कुणाचा ते विचारा. तुम्हाला तो ढिगारा दिसतो, घरमालकाला तो त्याचा दगड वाटतो, आणि इतकी वर्षं न हललेल्या दगडावर ट्रॅक्टर आला त्याच दिवशी हक्क सांगितला जातो, हे लिहून ठेवा. एक कागद फिरवा, ज्याला दगड पाहिजे त्यानं एवढ्या तारखेपर्यंत उचलावा, नंतर पंचायतीचा. सह्या घ्या.

मग तीन वाटण्या. तुमच्या भागातली जुनी घरं पांढऱ्या मातीची, माळवदाची, त्यामुळे निम्मा ढीग मातीच असणार. ती रस्त्याला नको, ती शेतात जाऊ दे, जुन्या गावठाणाची पांढरी रानात टाकायची चाल आपल्याकडे पूर्वीपासूनची आहे, गावात हाळी द्या, शेतकरी आपल्या बैलगाडीनं नाहीतर ट्रॅक्टरनं घेऊन जातील, तुमचं डिझेल तेवढं वाचलं. दगड आणि चिरा वेगळा. विटा, काँक्रीट, फरशी वेगळी, तेवढी मात्र फोडून बारीक पाहिजे, ७५ मिलीमीटरच्या आत, मोठा गोळा तसाच टाकला की वरनं रोलर नाचतो आणि खाली पोकळी राहते. जवळच्या क्रशरवाल्याला दोन दिवसांसाठी बोलून बघा, त्याचं मशीन रिकामं असतं तेव्हा तो तयार होतो.

काळ्या मातीवर हा थर, त्यावर मुरूम, पाणी मारून रोलर, दोन्ही बाजूला चर. चर नसेल तर रस्ता करूच नका, काळी माती भिजून फुगली की पुढच्या वर्षी परत तेच. प्लास्टिक, वायरी, पत्रे, कपडे वेचून काढा. मजुरीचं सरकारच्या ग्रामीण रोजगार योजनेतून बसतंय का ते पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) विचारा, जिल्ह्याच्या निर्मिती केंद्रालाही (सरकारी बांधकाम संस्थेला) एक पत्र द्या, आणि अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या म्हणजे टेबलावर अडकत नाही. ज्यांच्या शेताला रस्ता लागतो त्यांनी डिझेल काढावं, हे बैठकीत तुम्ही बोलू नका, एखाद्या शेतकऱ्याच्याच तोंडून येऊ दे.

ओढ्यातला ढिगारा मात्र सगळ्यात आधी काढा. पाणी मागं फुगतंय ते त्यानंच, आणि पुढचा पूर तुमचा रस्ता व्हायची वाट बघत नाही.

प्रश्न : मॅम, मी नुकतीच आर्किटेक्ट झालेय. क्लायंटला रिसायकल म्हटलं की स्वस्त आणि कमजोर वाटतं, कॉन्ट्रॅक्टर सरळ नाही म्हणतात. कोडमध्ये नेमकं किती चालतं? आणि यांना पटवायचं कसं?
— टिळकवाडी

उत्तर : पटवत बसू नकोस, बीओक्यूमध्ये (कामांच्या आणि दरांच्या यादीत) लिही. कॉन्ट्रॅक्टर तुझ्या तत्त्वासाठी काही करत नाही आणि का करावं त्यानं, आयटमला पैसे असतील तर करतो. 'जुनं लाकूड न तोडता उतरवणे, खिळे काढणे, मोजून रचणे, दर घनफुटावर' असा आयटम टाक, 'साइटवर कचरा चार वेगळ्या जागी ठेवणे' असा टाक, आणि बघ तो नाही म्हणतो का.

कोडचं सांगते. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत जुन्या काँक्रीटपासून केलेल्या खडीला परवानगी आहे, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, आरसीसीमध्ये २० टक्क्यांपर्यंत पण फक्त एम २५ आणि त्याखाली, आणि एम १५ च्या खालच्या लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के. म्हणजे तुझ्या घराच्या पायाखालचा पीसीसीचा (बिनसळईच्या काँक्रीटचा) बेड पूर्ण जुन्या खडीचा करता येतो, सुरुवात तिथून कर, कॉलम-बीमला आत्ता हात लावू नकोस. या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो म्हणून ती पाणी जास्त पिते, आधी भिजवून घ्यायची, नाहीतर मिस्त्री काँक्रीट घट्ट झालं म्हणून वरनं पाणी ओततो आणि मग बदनाम रिसायकल खडी होते.

नियमांचं पण माहीत असू दे. २०१६ च्या नियमांत दिवसाला २० टन किंवा प्रकल्पाला महिन्यात ३०० टन राडारोडा करणाऱ्याने काँक्रीट, माती, विटा-मसाला आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असं वेगळं ठेवून आधी स्थानिक संस्थेकडून प्लॅन मंजूर करून घ्यायचा होता, आणि २० टन म्हणजे जेमतेम पाच ब्रास, जेसीबी दुपारपर्यंत तेवढं करतो. किती जणांनी घेतला प्लॅन, जाऊ दे. २०२५ साली नवे नियम निघाले, १ एप्रिल २०२६ ही त्यांची लागू व्हायची तारीख, त्यात २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांवर राडारोड्याच्या रिसायकलिंगची जबाबदारी थेट टाकलीय. तुझी क्लायंट मंडळी तेवढी मोठी नसणार, पण मोठ्या बिल्डरांना हा माल घ्यावा लागला की तो बाजारात मिळायला लागेल आणि मग तुझं काम सोपं.

आणखी एक, हे कोणी शिकवत नाही. नवीन बांधकामातसुद्धा चौरस मीटरला ४० ते ६० किलो वाया जातं असा ठोकताळा आहे, हजार चौरस फुटाला पावणेचार ते साडेपाच टन. सळई १२ मीटरची येते, तुझ्या ड्रॉइंगमधली मापं त्यात बसत नसतील तर प्रत्येक सळईचा तुकडा भंगारात. टाइल दोन फुटी आणि खोली दहा फूट पाच इंच, का? हे सगळं नकाशावर वाचतं आणि त्याला कुणाला पटवावं लागत नाही. नकाशा फायनल करायच्या आधी बारबेंडर (सळई कापणारा-वाकवणारा) आणि फरशीवाल्याला अर्धा तास बसव, चहा तू पाज.

प्रश्न : जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे काढायचेत, कुणाला वापरायला देता येतील का?
— गोकाक

उत्तर : नाही. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, फुटले की त्याचे बारीक तंतू श्वासातून आत जातात. फोडू नका, कापू नका, पाणी मारून ओले करून बोल्ट ढिले करून अखंड उतरवा, मास्क साधा कापडी नको, प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि कुठे द्यायचे ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑफिसला विचारून मगच हलवा. सगळंच परत वापरायचं नसतं.

प्रश्न : ताई, मागच्या अंकात तुम्ही लिहिलं की मालकाला भाव माहीत नसतो आणि पाडणारे त्याचा फायदा घेतात. मी हाच धंदा करतो. यार्डचं भाडं, न खपलेला माल, पावसाळ्यात चार महिने हात बांधून, हे कोण लिहिणार? सुतार जुनं लाकूड घेत नाही, खिळ्यानं ब्लेड जातंय म्हणतो. रिसायकलिंगच्या मीटिंगा होतात त्यात बिल्डर, इंजिनिअर, अधिकारी असतात, आमच्यातलं कोण असतंय? माझा माल आर्किटेक्ट लोकांपर्यंत कसा न्यायचा तेवढं सांगा.
— जुन्या सामानाचा व्यापारी, बेळगाव

उत्तर : ते वाक्य मी मागे घेत नाही, पण मीटिंगचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. परत वापराचं जे काही खरोखर चाललंय ते तुमच्यासारख्यांच्या यार्डातून चाललंय, आणि स्लाइड दाखवताना तुमचं यार्ड कुठेच नसतं. महापालिकेनं किंवा बिल्डरांच्या संघटनेनं पुढची बैठक घेतली तर त्यांनी तुम्हा चार-सहा जणांना बोलवावं, आणि दुपारी नको, तेव्हा तुम्ही साइटवर असता.

आता धंद्याचं. खिळ्यांसाठी हातातला मेटल डिटेक्टर मिळतो, घ्या, लाकडाला 'खिळे तपासून काढले' अशी खडूची खूण करा आणि सुताराला तसं सांगा, त्याची मुख्य तक्रार तीच आहे. जाड तुळया तशाच पडून राहतात कारण एवढ्या मोठ्या मापाचं गिऱ्हाईक रोज येत नाही, त्यातल्या काही सॉ मिलमध्ये कापून चौकटीच्या मापाच्या करून ठेवा. दारं आणि कोरीव खांब मात्र कापू नका, त्यांना गोव्याकडची हॉटेलवाली गिऱ्हाईकं असतात. दुसऱ्या राज्यात लाकूड पाठवायचं असेल तर वनखात्याचे कोणते कागद लागतात ते गाडी भरायच्या आधी विचारून घ्या, गाडी अडल्यावर नको. आणि मालकाला पैसे देताना एक पावती द्या ज्यात तुळया किती आणि कुठल्या घरातल्या ते लिहिलंय, आर्किटेक्टला विकताना तीच पावती तुमच्या मालाची किंमत वाढवते, 'शहापूरच्या वाड्यातलं सागवान' आणि 'सेकंडहॅंड सागवान' यांच्या भावात फरक पडतो हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आर्किटेक्टांपर्यंत पोचायला दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर एक यादी पाठवा. त्यांना डिझाइन करायच्या वेळी माल कळला पाहिजे, काम निम्मं झाल्यावर कळून ते घेऊ शकत नाहीत. प्रत्येक नगाचा फोटो उजेडात, शेजारी टेप धरून, लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, किती नग, आणि कधीपर्यंत ठेवणार ते. नुसतं 'चांगलं सागवान आहे, या बघायला' असं लिहू नका, कुणी येत नाही.